बोटावर उरलेलं काजळ

मैत्रिणींनो, आज परभणीच्या बाजारात नातीसाठी मस्कारा घ्यायला गेले होते. दुकानातली पोरगी म्हणाली, "हा घ्या काकू, रडलं तरी पसरत नाही." आणि मला अक्काचं काजळ आठवलं.

पंच्याहत्तर साल असेल. मानवतला मला बघायला पाहुणे येणार होते. माझी थोरली बहीण अक्का विसाव्या वर्षीच विधवा होऊन माहेरी आलेली. महिनाभर ती माझ्या पापण्यांना एरंडेल लावत होती. त्या दिवशी तिनंच दिव्यावर काजळ धरलं, माझ्या डोळ्यांत घातलं आणि बोटावर उरलेलं, जुन्या सवयीनं, स्वतःच्या पापणीवरून फिरवलं.

"पूस आधी ते! पाहुणे यायलेत!" आई ओरडली.

अक्कानं पदरानं पुसलं, तर ते गालभर पसरलं. मी शेजारीच बसले होते. 'राहू दे की आई' एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

आज मी दोन मस्कारे घेतले. दुसरा अक्काच्या हातात ठेवला. तिनं उघडून बघितला, हसली. "लावू कशाला गं? पापण्याच राहिल्या न्हाईत आता."

तुमच्या घरात तेव्हा कुणी 'राहू दे' म्हणालं होतं का?