सगुणाच्या उकिरड्यावरची पंगत

अमडापूरच्या बाजारात मी वांगी मांडून बसलो होतो. शेजारचा किसन धापा टाकत आला. "भाऊ, ऊठ. सांडानं वहिनीले शिंगावर घेतलं." घरी पोचलो तर सगुणा उकिरड्याशेजारी पडलेली. पोट फाटलेलं, दांडकं मुठीत तसंच. बायको अशी पाहायची वेळ कोणावर येऊ नये...

तो सांड देवाले सोडलेला. वावरात घुसला तरी लोक त्याले हात जोडतात. आळीतल्या बाया उरलंसुरलं अन्न त्याच्यासाठी आमच्या उकिरड्यावर आणून टाकत, अन् सगुणा ते लगेच जुन्या खताखाली दाबून टाके. तो आला की त्याच्या नाकावर दांडकं हाणे. रोजची मारामारी. बाया चिडून म्हणत, "देवाच्या तोंडचा घास काढतं का व, सगुणे?" ही म्हणे, "सांडाले सारा गाव हाये. माह्या ढिगातल्यायले कोन हाये?"

ढिगातले म्हणजे कोण, हे आम्हाले शेतकी खात्याच्या कामदारानं सांगितलं होतं. आत डोळ्याले न दिसणारे जंतू असतात. ते अन्न खातात, म्हणून ढीग तापतो. फार तापला की पहिले मरतात, उष्णता सोसणारे दुसरे वाढतात. निवत आला की बुरशी धरते. सगुणा हसली. "म्हंजे पंगतीच झाल्या की. एक उठली का दुसरी बसते!" हवा कोंडली तर ते गुदमरतात अन् ढीग घाण मारतो, असंही तो म्हणाला. तेव्हापासून ती ढीग खालवर करायची, अन् सोबत मलेही जुंपायची. आमचं वावर मुरमाड. त्या काळ्या खतावाचून तिथं वांगं नाही, कुसळ उगवलं असतं.

तेरवीले गाव जेवलं. पत्रावळी, वरणभात, सारं उष्टं ढिगावर पडलं, अन् तो आला. शिंगं कोणीतरी धुतलेली, वर कुंकू लावलेलं. गावातले म्हातारे म्हणाले, "खाऊ दे, बुवा. तिनं मारलं, देवानं नेलं. आता मिटव." मी देवाले जे बोललो ते इथं छापता येणार नाही. कुऱ्हाड उचलली, उलटी धरली अन् तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, त्याच्या तोंडावर घातली. नाकावर, डोळ्यावर, जिथं बसेल तिथं. त्यानं मले भिंतीवर आपटलं, बरगड्या मोडल्या. मी परत उठलो. चौघांनी धरलं तर त्यांनाही लाथा घातल्या; किसनचा दात पडला. "सोड बे, मरशील!" तो ओरडत होता. शेवटी सांडच रक्त गाळत वळला...

मग बरगड्या दाबत मी एकट्यानं ते सारं उष्टं खताखाली पुरलं. गाव माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे.

काल ढिगात फावडं घातलं. पत्रावळ ओळखू आली नाही, भाताचं शीत दिसलं नाही. आतून वाफ निघाली ती थेट तोंडावर आली, कढत. मी तोंड बाजूले केलं नाही.