टोबरमोर की मिसेस मलॉय?

उलिक हॅनली गप्प बसलेला किलव्हारा गावात कुणी पाहिला नव्हता. तो डेअरीचा टँकर चालवायचा. सकाळी या गोठ्यातून त्या गोठ्यात जायचा, दुधाच्या टाकीला नळी जोडायचा आणि दूध वर चढेपर्यंत शेतकऱ्याशी बोलत राहायचा. कुणाची गाय अडली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं त्याच्याकडे ताजं असायचं. पण हे सगळं आपलं तोंडी लावायला. जेवण म्हणजे टोबरमोर.

टोबरमोर हा घोडा. कुंपणांवरून आणि चरांवरून उड्या घेत धावायच्या शर्यतीतला, उंच, तपकिरी, कपाळावर बोटभर पांढरा पट्टा. तो चार वर्षांचा असताना उलिकने त्याला टँकरमधूनच पाहिला होता. कुणी पाठीवर नाही, कुणी हाकलत नाही, आणि पठ्ठ्याने सहज मनात आलं म्हणून काटेरी कुंपण पार केलं, दोन घास गवत खाल्लं आणि तसाच परत आला. "त्याच दिवशी मी म्हटलं होतं," असं उलिक पुढे आयुष्यभर सांगायचा. काय म्हटलं होतं ते मात्र दर वेळी वेगळं असायचं.

टोबरमोर पुढे साऱ्या आयर्लंडात गाजला. आणि त्याच वर्षांत गाजली मिसेस मलॉय. ही घोडी. काळसर, बुटकी, दिसायला कोळशाच्या गाडीला जुंपावी अशी. जिने तिला वाढवली त्या बाईने तिला आपल्या सासूचं नाव दिलं होतं. माया म्हणून की सूड म्हणून, ते तिलाच ठाऊक. मिसेस मलॉयच्या बाजूने किलव्हारात उभा होता डिन्नी क्विर्क, गावचा खाटिक.

रविवारची मिस्सेची प्रार्थना संपली की दोघे चर्चच्या दगडी गडग्यावर बसायचे. उलिक लांबलचक, हातवारे करत बोलणारा, तर डिन्नी जाडजूड, तांबड्या तोंडाचा, सुरीने तुकडा पाडावा तसं बोलणारा.

"पहिल्या वेळी मानेइतक्या अंतराने हरला तो," उलिक म्हणायचा. "आणि तिच्या पाठीवर वजन किती? पाच पौंड कमी!"

"घोडी म्हणून मिळालेली सवलत आहे. नियम मी केलाय का?"

"पाच पौंड म्हणजे तुझ्या दुकानातली मटणाची अख्खी तंगडी. ती पाठीवर घे, ही टेकडी चढ, मग बोल."

"आणि दुसऱ्या वेळी? शेवटून दुसऱ्या कुंपणाला तिचं पोट घासलं नसतं तर तुझा टोबरमोर आला असता मागून धूळ खात."

"कुंपणावरून उडी मारायची असते डिन्नी, पोटाने पुसायचं नसतं ते."

तिसऱ्या वेळी काय झालं असतं यावर मात्र दोघांची अख्खी दुपार जायची. कारण तिसरी शर्यत झालीच नाही. त्या सकाळी टोबरमोरचा पुढचा पाय सुजला, आणि तो पुन्हा कधी धावला नाही. एक-एक बरोबरी झाली आणि निकाल देवाघरी राहिला.

गावात नवीन धाकटे फादर आले, त्यांच्या पहिल्याच रविवारी डिन्नी गडग्यावरून गरजला, "मिसेस मलॉयसारखी मागची बाजू साऱ्या परगण्यात दाखव मला!" फादर कानापर्यंत लाल झाले. पुढच्या रविवारचं प्रवचन जिभेच्या संयमावर झालं. दोघांनीही ते माना डोलवून ऐकलं आणि बाहेर येऊन पुन्हा सुरू झाले.

मग एका ऑक्टोबरात उलिक एका गोठ्यात नळी जोडता जोडता खाली बसला तो उठलाच नाही. शेतकरी आत होता. नंतर तो सांगायचा, "आवाज नाही आला म्हणून बाहेर आलो." उलिकला अर्धांगाचा झटका आला होता.

नाताळाच्या तोंडावर इस्पितळातून घरी आणलं तेव्हा उजवा हात ओल्या कोटाच्या बाहीसारखा लोंबत होता, पाय ओढत होता. ते त्याने सोसलं असतं. पण बोलणं गेलं होतं. डोक्यात शब्द सगळे जागच्या जागी उभे होते, गोठ्याच्या दाराशी गाई उभ्या राहाव्यात तसे, आणि दार उघडत नव्हतं. बाहेर पडायचा एकच शब्द, "बरं." चहा हवा असला तरी "बरं", नको असला तरी "बरं", आणि चूल उचलून अंगणात फेकावीशी वाटली तरी "बरं."

भेटायला येणारे लोक म्हणायचे, "बघा, किती समजूतदार झालाय!"

सगळे त्याच्याशी मोठ्याने, सावकाश बोलायचे, जसं काही तो बहिरा झाला होता. त्याची बायको नोनी भली बाई. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तीच त्याची वाक्यं पुरी करायची आणि दहातली सात चुकवायची. क्लॉनमेलहून दर आठवड्याला बोलणं शिकवणाऱ्या एक तरुण बाई यायच्या, मिस फरलाँग. त्या कप, बूट, मांजर अशी चित्रं समोर धरायच्या. मांजर म्हणजे काय हे उलिकला कळत होतं. त्याने उभ्या जन्मात शेकडो मांजरांना दूध पाजलं होतं. पण शब्द म्हणून येईना. हळूहळू तो चित्र दिसलं की तोंड भिंतीकडे वळवू लागला.

डिन्नी आला तो कागदात कलेजी बांधून. खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "गारठा वाढलाय." मग म्हणाला, "पण पाऊस नाही." घोड्यांचं अवाक्षर काढलं नाही. जाताना त्याने उलिकचा खांदा हलकेच थोपटला, आणि उलिकला त्या थोपटण्याने जितकं लागलं तितकं झटक्यानेही लागलं नव्हतं. डिन्नी क्विर्क त्याच्याशी सभ्यपणे वागत होता. म्हणजे सगळं संपलंच.

पुढच्या गुरुवारी, दुकान अर्धा दिवस बंद असतं तेव्हा, डिन्नी पुन्हा आला. या खेपेला तो बसला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "मी विचार करत होतो उलिक. तुझा टोबरमोर तसा वाईट नव्हता. सपाट रानात ठीक होता. उडी मात्र त्याला कधी जमली नाही."

उलिकने मान वर केली.

"दुसरी शर्यत जिंकला तो वारा पाठीशी होता म्हणून. पाण्याच्या चराशी तर त्याला मागून ढकलावं लागलं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"बरं!" उलिक ओरडला. त्याच्या मानेची शीर तट्ट फुगली. "बरं! बरं!"

"ऐकलंस नोनी? तोही बरं म्हणतोय."

नोनी हातातला टॉवेल घेऊन धावली. "डिन्नी क्विर्क, डॉक्टरांनी सांगितलंय, त्याला चिडवायचं नाही!"

"मग चिडू नको म्हणावं त्याला. मान्य कर म्हणावं."

"चालता हो माझ्या घरातून!"

तिने त्याला टॉवेलने झोडपत अंगणाबाहेर घालवलं. परत आली तर उलिक डाव्या हाताने बटाटे खात होता. आठवडाभर चिमणीसारखा टिपणारा माणूस ताट साफ करत होता आणि दाराकडे बघून मनातल्या मनात कुणाला तरी काहीतरी सुनावत होता. नोनी ते बघत राहिली. पुढच्या गुरुवारी दारावर थाप पडली तेव्हा तिने दार उघडलं. नुसती बाजूला झाली.

मग डिन्नी दर गुरुवारी येऊ लागला, आणि दर गुरुवारी एक नवं खोटं घेऊन. टोबरमोरला कुंपणाची भीती वाटायची. टोबरमोर उजवीकडे वळताना अडखळायचा. टोबरमोरच्या आईला शेजारच्या नांगराच्या घोड्याने नादी लावलं होतं. उलिक खुर्चीचा हात बडवायचा, काठी आपटायचा, एकदा तर बुटाने टेबल उलथवलं. आणि गुरुवार गेला की शुक्रवारपासून तो भिंतीकडे तोंड करून, ओठ हलवत उत्तर जुळवत बसायचा. जुळवलेलं उत्तर गुरुवारी दाराशी येऊन अडायचं. पण तो जुळवत राहिला.

वसंत लागला होता. डिन्नीने चहाचा घोट घेतला आणि अगदी सहज म्हणाला, "आणि त्या तिसऱ्या शर्यतीला पाय सुजला म्हणे. पाय कसला सुजतोय! घाबरला तो. मिसेस मलॉयला गाडीतून उतरताना पाहिलं आणि हातपाय गळाले त्याचे. मालकाने लाज झाकायला पट्टी बांधली."

उलिक उठायला गेला. घशात काहीतरी अडकलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. "ख..." तो म्हणाला. "खो..." नोनीच्या हातात किटली तशीच राहिली.

"खोटारड्या!"

डिन्नीने कप खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"खोटारड्या," उलिक म्हणाला. मग, डोंगर चढून आल्यासारखी धाप टाकत, "पाय. सुजला. पाय!"

"सुजला होता की," डिन्नी हळूच म्हणाला. "मला काय माहीत नाही?" आणि तुमचा कुत्रा कुठाय बघतो म्हणत तो अंगणात गेला. हॅनलींच्या घरी कुत्रा नव्हता. खिडकीतून उलिकला त्याची रुंद पाठ दिसत होती. डिन्नी भिंतीकडे तोंड करून बाहीने चेहरा पुसत होता, आणि इकडे नोनी चुलीशी बसून हसावं की रडावं हे न ठरल्यामुळे दोन्ही करत होती.

मिस फरलाँगना हे कळलं तेव्हा त्यांनी मांजराचं चित्र पिशवीत घातलं आणि डिन्नीला बोलावून घेतलं. शर्यतीचं अंतर फरलाँगमध्ये मोजतात, त्यामुळे नाव ऐकून डिन्नी खूश झाला. "अशा आठ जणी मिळाल्या की मैल होतो," तो म्हणाला.

"मिस्टर क्विर्क, तुम्ही वाईट बोलणं अजिबात थांबवू नका," बाई म्हणाल्या.

"बाई, मला असं सांगणाऱ्या पहिल्या तुम्हीच."

शब्द येऊ लागले, पण रांगेने नाही. घोडा आला, खोगीर आलं, "मूर्ख" लवकर आला. नोनीचं नाव यायला मे उजाडला. ते आलं त्या दिवशी तिने उगीचच त्याला पाच-सहा वेळा "काय रे?" असं विचारून पुन्हा पुन्हा हाक मारून घेतली.

उन्हाळ्यात डिन्नी त्याला आपल्या मटणाच्या गाडीतून फेदर्डजवळच्या एका वाडीवर घेऊन गेला. मिसेस मलॉय तिथे निवृत्त होऊन राहत होती, पायाशी शिंगरू घेऊन. वाटभर उलिक गप्प होता, आणि या वेळी ते आपल्या मर्जीने. गेले कित्येक दिवस तो एकच विचार करत होता. या माणसाचे आभार मानायचे कसे? डिन्नीला देण्याजोगं त्याच्याकडे काय होतं? दूध त्याला पचत नव्हतं आणि कौतुक त्याहून नाही. आयुष्यभर डिन्नीने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

घोडी फाटकाशी आली. जाडी झाली होती, तोंडाभोवती करडे केस आले होते. तिने मान खाली घालून उलिकच्या लुळ्या उजव्या हातात नाक खुपसलं. तो गरम श्वास हाताला जाणवला की नुसता दिसला, हे त्याला सांगता आलं नसतं. पण त्याचे डोळे भरून आले.

"डिन्नी," तो म्हणाला. "ही... चांगली. टोबरमोर... पेक्षा."

डिन्नीने त्याच्याकडे पाहिलं.

"तू," उलिक म्हणाला. "जिंकलास."

त्याला वाटलं होतं, डिन्नी टोपी उडवेल. पण दुकानातल्या मटणावर माशी बसलेली दिसावी तसा डिन्नीचा चेहरा झाला. "डोकंपण गेलं का रे तुझं? कशावरून चांगली? पहिल्या शर्यतीत तिच्यावर वजन कमी होतं! तीन पौंड!"

"पाच," उलिक म्हणाला.

"तीन काय आणि पाच काय! टोबरमोर असा गडी होता की चरावरून..."

"पाच! पाच पौंड! तं... तंगडी!"

"मटणाची तंगडी, बरोबर! ती घेऊन टेकडी चढायची..." डिन्नी टोबरमोरची बाजू लढवू लागला, आणि इतकी वाईट लढवू लागला की उलिकला राहवेना. शर्यतींचा क्रम उलटा, कुंपण भलतंच, जॉकीचं नाव तिसऱ्याचंच. उलिक एकेका शब्दाने त्याला सुधारत गेला, ओरडत गेला, आणि दोघांच्या मध्ये मिसेस मलॉय कान हलवत उभी राहिली. घरातून वाडीची मालकीण धावत आली. तिला वाटलं मारामारी लागली.

परत निघताना डिन्नीने गाडी फाटकातून रस्त्यावर काढली. मग म्हणाला, "पुन्हा असलं काही बोलू नकोस. तू मान्य केलंस तर मी गुरुवारी येऊ कशाला?"

उलिकने डावा हात त्याच्या बाहीवर ठेवला. "तुझ्या. मुळे," तो म्हणाला. बाकीचं वाक्य आलं नाही, आणि डिन्नीनेही ते पुरं केलं नाही. फक्त गाडी जरा हळू केली.

उलिकने पुन्हा टँकर चालवला नाही. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला, रविवारी गडग्यावर बसला, थोडक्यात बोलला. लोक म्हणायचे, आता वादात हॅनली जास्त जड जातो, कारण एका शब्दात उरकतो आणि लांबण लावायची पाळी बिचाऱ्या डिन्नीवर येते. मिस्सेच्या वेळी प्रार्थना त्याला इतरांच्या गतीने म्हणता यायची नाही. सगळ्यांचं "आमेन" झालं तरी तो अर्ध्यातच असायचा. पण ती पुरी केल्याशिवाय उठायचा नाही, आणि डिन्नी शेजारी टोपी धरून थांबायचा.

एका हिवाळ्यात नोनीने त्याला विचारलं, "खरं सांग, आता इथे कुणी नाही. तुझ्या मनातून दोघांत सरस कोण?"

उलिकने खूप वेळ विचार केला. शब्द शोधत होता म्हणून नाही, खरोखरच विचार करत होता.

"माहीत नाही," तो म्हणाला. मग गुरुवार असल्यामुळे दाराकडे बघत म्हणाला, "देवाची कृपा."