पावणेचारची भरती

तुमच्या पोरांना घेऊन तुम्ही अशा जागी शेवटचे कधी गेला होतात, जिथे दारातच कुणी तुमच्या मनगटाला कागदी पट्टा बांधला नाही?

आठवायला वेळ लागत असेल तर लाजू नका, आमचंही तेच झालं होतं. वसईला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, मध्ये तळी, वाड्या, किल्ला. आणि रविवारी आम्ही रांग लावतो ती निळ्या लाद्यांच्या टाकीत बसायला. भिंतीपलीकडे पन्नास पावलांवर खरा समुद्र गर्जत असतो आणि अलीकडे आपण मोटारीने उठवलेल्या लाटेत खिदळत असतो. मीही खिदळलेय. तिथल्या घसरगुंडीवरून किंचाळत खाली आलेय आणि मला ते भयंकर आवडलं होतं. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर घरातलं कुणीतरी ते चारचौघांत सांगणारच. माझं भांडण घसरगुंडीशी नाही. माझं भांडण साखळीशी आहे.

आमचं घर सांडोरला, केळीच्या वाडीत. तिथून सायकलवर वीस मिनिटांत एक किनारा लागतो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून सुनावणीत आहे. रस्त्यापासून वाळूपर्यंत सुरूच्या झाडांमधून दीडशे पावलांची पायवाट. तिच्यावरूनच मी समुद्राला पहिल्यांदा भेटले, तिच्यावरच सायकल शिकले आणि तिच्यावरच पडून समोरचा दात गमावला. गेल्या नाताळाच्या सुमारास शेजारच्या रिसॉर्टने या वाटेच्या तोंडाशी साखळी लावली आणि पाटी टांगली: ‘फक्त पाहुण्यांसाठी’.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो आमच्या मासळीवाल्या मावशीला. तिचं घर वाळूच्या टोकाशी. रोज सकाळी ती या वाटेने टोपली डोक्यावर घेऊन रस्त्याला यायची. आता तिला वाळूतून पुढच्या गावापर्यंत जावं लागायचं, मग रस्त्याने मागे यावं लागायचं. ती आमच्या ओट्यावर टोपली उतरवून म्हणाली, “पाहुने ते, आन् आमी कोन? चोर?”

माझ्या वडिलांना एवढं पुरे होतं. पप्पांनी अर्ज केला. ते इतिहासाचे निवृत्त मास्तर, आणि अर्ज, निवेदनं, पत्रकं हा आमचा घरगुती व्यवसाय म्हटलं तरी चालेल, फक्त त्यात कमाई नाही. मी ‘जाहीर आवाहन’ या दोन शब्दांवर वाचायला शिकले. आमच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असायची. परीक्षेत निबंधाच्या शेवटी मी ‘मोठ्या संख्येने उपस्थित राहावे’ असं लिहिलं होतं आणि बाईंनी त्याला एक गुण जास्त दिला होता.

अर्जाला उत्तर आलं. येत्या सोमवारी एक अधिकारी येऊन वाटेची पाहणी करणार, आणि एकच गोष्ट बघणार: ही वाट वहिवाटीत आहे का? लोक वापरत असतील तर साखळी निघेल. नसतील तर पाटी कायम.

इथेच गोम होती. तीन महिने साखळी असल्यामुळे कुणी वापरत नव्हतं. वाटेवर गुडघाभर गवत माजलं होतं. आधी दार बंद करायचं आणि मग विचारायचं, कुणी येतं का? त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं की रविवारी आपण तिथे पोरांचे खेळ भरवायचे, सगळ्यांना बोलवायचं आणि मग सगळ्यांनी ती वाट चालायची.

“पत्रक तू लिही,” पप्पा म्हणाले. “पण एकही विशेषण नको. वेळ, जागा, काम. बस.”

माझं पहिलं, एकटीने लिहिलेलं पत्रक! मी चार विशेषणं घातली, त्यांनी चारही खोडली. माझी योजना अगदी कायदेशीर होती. साखळीला हात लावायचा नाही. पुढच्या गावाच्या मोकळ्या किनाऱ्यावरून ओल्या वाळूतून चालत यायचं, वाटेच्या समोरच्या वाळूवर खेळायचं, आणि शेवटी समुद्राच्या बाजूने वाटेवर शिरायचं. त्यासाठी ओहोटी हवी. आणि ओहोटीची वेळ काढायची रीत मला माहीत होती! तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. रविवारी पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. उन्हं उतरताना, पोरं झोपून उठल्यावर, अगदी हवी तशी वेळ. मी छापलं: ‘रविवार, दुपारी पावणेचार. ओहोटी असेल. प्रवेश मोफत.’

ती रीत ओहोटीची वेळ देते की भरतीची, हे मी कुणालाच विचारलं नाही. मला ओहोटी हवी होती म्हणून मी ती ओहोटीची धरली. पप्पांनी तपासलं नाही, कारण आकडेमोड माझ्यावर सोपवलेली होती. वाडीवाली माणसं आम्ही, विहिरीचं पाणी एका नजरेत ओळखतो, समुद्राचं नाही. मावशी रोज ओट्यावर येत होती. तिला विचारलं असतं तर तिने बोंबील मोजता मोजता सांगितलं असतं. पण मला माझ्या रितीचा केवढा अभिमान!

शनिवारभर आणि रविवारी सकाळी आम्ही पत्रकं वाटली. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात, भाजी बाजारात, उमेळ्याला, नालासोपाऱ्याच्या इमारतींमध्ये जिना चढून जिना उतरून. एका बाईने दार उघडून विचारलं, “काय विकताय?” मी म्हटलं, “समुद्र. फुकट आहे.” तिने पत्रक घेतलं आणि दार लावताना हसली.

रविवारी साडेतीनला आम्ही पुढच्या गावच्या किनाऱ्यावर पोचलो आणि मी पाहिलं, वाळूच नव्हती. होता तो फक्त समुद्र, बंधाऱ्याच्या दगडांना धडका देत, उन्हात चकाकत, आणि अजून वर चढत.

“ओहोटी कुठे आहे?” पप्पांनी विचारलं.

“येईल,” मी म्हणाले.

“येल ना,” मावशी मागून म्हणाली. ती तीन नातवंडांना घेऊन आली होती. “राती धाला. तवर बसा समदी.” मग तिने पत्रक नातवाकडून वाचून घेतलं, वेळ दोनदा वाचायला लावली, आणि पोट धरून खालीच बसली. “कुनी लिवलं गो ह्ये?”

“मी.”

“बाय माझे! केलीच्या वाडीवाल्यांनी केली बगावी. पान्याचं आमाला इचारावं.”

लोक येतच होते. सायकलवरून, रिक्षांतून, टेम्पोच्या मागे उभे राहून. आजोबा, बाळं, पतंग, फुटबॉल, वाळूचे किल्ले करायच्या प्लास्टिकच्या बादल्या. दीड-दोनशे माणसं तरी असतील आणि उभं राहायला हातभर वाळू नाही. एक छोकरा बादली घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि मी अपराधी असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. आता सगळ्यांना घरी पाठवायचं? उद्या अधिकारी येऊन गुडघाभर गवत बघणार?

पप्पांनी भोंगा उचलला. तीस वर्षं वर्गात जो आवाज चालला, त्याला भोंग्याची गरज नव्हती, पण त्यांना तो आवडतो. “कार्यक्रमात किरकोळ बदल आहे. सगळ्यांनी रस्त्याने चला. आपण पुढच्या दाराने जातोय.”

आणि ती सगळी वरात रस्त्याने साखळीकडे निघाली.

साखळीशी एक वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. आम्हाला बघून तो उठला, टोपी नीट केली आणि दोन्ही हात पसरले. “ताई, वरून सांगितलंय. एकालाही सोडायचं नाही.”

“ही सार्वजनिक वाट आहे,” मी सुरू केलं, आणि मनात साठवलेली सगळी विशेषणं बाहेर काढायच्या तयारीत होते, तोच गर्दीतून सहा-सात वर्षांची मुलगी धावत आली. “बाबा!” आणि ती साखळीखालून सरळ पलीकडे.

तिच्या मागून तिची आई. हातात आमचं पत्रक. तीच ती, नालासोपाऱ्याच्या जिन्यावरची! वॉचमन तिच्याकडे बघतच राहिला. “तू कशाला आलीस?”

“कागद आला ना घरी. फुकट आहे म्हणाली ही. तुमच्या त्या रिसॉर्टात वर्षात एकदा तरी नेलंत का पोरीला?”

“अगं, ड्युटीवर आहे मी!”

“मग करा ना ड्युटी. तुमची पोरगी आत पळालीये, आणा तिला.”

गर्दी हसायला लागली. त्याने साहेबांना फोन लावला. साहेब उचलेनात. पुन्हा लावला. तोपर्यंत साखळीखालून आणखी दहा-बारा पोरं पलीकडे गेली होती. त्याने एकदा पोरीकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि साखळीचा आकडा काढला. “चला, पण कचरा करायचा नाही. आणि कुणी विचारलं तर सांगा, मी विचारून सोडलंय.”

“कुणाला विचारून?” पप्पांनी विचारलं. ते शिस्तीचे.

“हिला,” तो बायकोकडे बोट दाखवून म्हणाला.

आत आलो तर समुद्र सुरूच्या मुळांपर्यंत आलेला. कोरडी अशी एकच जागा: ती वाट. लांब, अरुंद, गवताने भरलेली. त्यावर ना कबड्डी होणार, ना फुटबॉल. मी ठरवलेले सगळे खेळ पाण्यात गेले. तेव्हा माझी आई, जी आठवडाभर या विषयावर एक शब्द बोलली नव्हती, तिने पिशवी उघडली. सरबतासाठी आणलेली आमच्या झाडाची लिंबं आणि डझनभर चमचे.

“लिंबू-चमचा,” ती म्हणाली. “त्याला लांबच जागा लागते.”

आणि मग जे काही झालं! आधी पोरं धावली, मग आया, मग आजोबा. रस्त्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून रस्त्यापर्यंत. मग तीन पायांची शर्यत. मग कुणीतरी टेम्पोतून कांद्याची पोती आणली आणि पोत्यांची शर्यत. पप्पा, वय वर्षं अडुसष्ट, चमचा तोंडात धरून आले ते दुसरे. निकालाविरुद्ध त्यांनी तोंडी निवेदन दिलं, ते फेटाळलं गेलं. मावशीने जाळ्याचा दोर आणला आणि वाडीवाले विरुद्ध बिल्डिंगवाले अशी रस्सीखेच लागली. वॉचमन बिल्डिंगवाल्यांकडून ओढत होता. कोण जिंकणार हे कळायच्या आत एक दांडगी लाट मुळांवरून उडाली आणि दोन्ही बाजूंना नखशिखांत भिजवून गेली. दोनशे माणसांची किंकाळी एकदम उठली. मला वाटतं, ती भाईंदरपर्यंत गेली असेल.

रिसॉर्टच्या भिंतीवरून डोकी दिसायला लागली. मनगटाला कागदी पट्टा बांधलेला एक माणूस वाकून म्हणाला, “एक्स्क्यूज मी, ये वाला कितने का है?”

“मोफत!” आम्ही सगळे ओरडलो. पाच मिनिटांत तो, त्याची बायको आणि त्यांची जुळी मुलं चमचे धरून रांगेत उभी.

साडेपाचनंतर समुद्र हळूहळू मागे सरकला आणि ओल्या वाळूची एक चिंचोळी पट्टी वर आली. बादलीवाला छोकरा तिच्यावर तुटून पडला. आईने वाडीतली केळी वाळवून केलेली सुकेळी वाटली, मावशीने सगळ्यांना माझी ओहोटीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, प्रत्येक वेळी समुद्र थोडा अधिक वर चढवून. जाताना आम्ही एक एक कागद उचलला. वाट तुडवून तुडवून अंगणासारखी झाली होती.

सोमवारी अधिकारी आले. सोबत रिसॉर्टचा माणूस, पप्पा, मावशी आणि मी. अधिकारी वाटेकडे बघून म्हणाले, “ही तर चांगली वापरातली दिसते.”

आता गप्प बसले असते तर काम झालं होतं. पण पत्रकात खोटं छापायचं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलंय. मी म्हणाले, “साहेब, हे काल झालंय. त्याआधी तीन महिने गवत होतं, कारण साखळी होती.”

रिसॉर्टच्या माणसाचा चेहरा खुलला. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग मुद्दाम आकाशाकडे.

“आन् साकली नव्हती तवा?” मावशी पुढे झाली. “माजी आय या वाटेनं जात होती. मी जाते. इचारा गावात.”

अधिकाऱ्यांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं, माझंही घेतलं. पेन बंद करत म्हणाले, “सुनावणी होईपर्यंत साखळी लावू नये. पण तेव्हा मी परत येईन. तेव्हाही गवत दिसलं तर मला तसंच लिहावं लागेल.”

मावशी आता रोज सकाळी त्या वाटेने येते. पण एका बाईच्या दोन पायांनी किती गवत दबणार? म्हणून ही विनंती. आमच्याकडे येता येत असेल तर या, कोणत्याही रविवारी, पोरांना घेऊन. लांब राहत असाल तर तुमच्या घराजवळची पाण्याकडे, टेकडीकडे, मैदानाकडे जाणारी एक वाट शोधा आणि या रविवारी घरातल्या सगळ्यांना घेऊन तिच्यावरून चाला. मध्ये साखळी आडवी आली तर ती कुणी लावली हे लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत दर रविवारी तिथे जात राहा.