विहिरीचं गाणं

मोतीराम काकडांना इंग्रजी येतं, ही बातमी नाशिकजवळच्या मखमलाबादेत एकोणीसशे शहाऐंशी साली पसरली आणि ती परत घ्यायची संधी त्यांना नंतर मिळालीच नाही. बातमीला आधार होता. ते बी.ए.ला होते, विषय इंग्रजी, आणि मित्रांपैकी दुसरं कुणी त्या वाटेला गेलेलं नव्हतं. आता बी.ए.ला इंग्रजी घेणं आणि इंग्रजी येणं यांत किती अंतर असतं, हे ज्यांनी तसं बी.ए. केलंय त्यांनाच विचारा. मोतीराम गाईडं पाठ करून तिसऱ्या वर्गात सुटले. पण मित्र एवढ्या खोलात कशाला जातील?

मित्र दोनच. एक गोरक्ष पिंगळे, शेजारच्या मळ्यातला, घरचा धंदा फुलांचा. दुसरा पुंजा गावित, सुरगाण्याकडचा, शिकायला म्हणून नाशिकच्या वसतिगृहात राहिलेला. तिघांना एका कॅसेटनं एकत्र बांधलं. मेन रोडला तेव्हा एक दुकान होतं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दुकानदार गाणी भरून द्यायचा. एकदा त्यानं कुणाची तरी भलतीच गाणी यांच्या कॅसेटीत भरली. लांब केसवाल्या गोऱ्यांची, गिटारी खणखणवणारी रॉक गाणी. तिघं भांडायला निघाले होते. निघण्याआधी एकदा पूर्ण ऐकू, पुरावा म्हणून, असं म्हणून बसले आणि दुपार झाली तरी उठले नाहीत.

कॅसेटवर ना गायकाचं नाव होतं ना गाण्याचं. मग नावं यांनीच ठेवली. गायकांची आवाजावरून: फाटक्या गळ्याचा, रडका, मिशीवाला. मिशीवाल्याचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, पण असा आवाज बिनमिशीचा असूच शकत नाही यावर तिघांचं एकमत झालं. गाण्यांची नावं मात्र अर्थावरून पडली. रडक्याचं एक गाणं होतं 'शेवटची एसटी', एक होतं 'सासरवाडी'. आणि अर्थ सांगायचं काम अर्थातच मोतीरामांचं.

त्यांनी लबाडी केली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोन-चार शब्द कानात पकडायचे आणि मधलं स्वतः भरायचं, एवढंच. परीक्षेतही ते हेच करत.

गोरक्षच्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी बैठक बसू लागली. फुलांचे क्रेट पहाटेच बाजारात गेलेले असत, शेड रिकामी असे, चहा आणि टेप मध्ये ठेवून वाद चाले: जगातलं सर्वांत भारी गाणं कोणतं? पुंजा 'शेवटच्या एसटी'च्या बाजूचा. शिक्षण अर्धवट सोडून तो पुढं सुरगाण्याच्या रस्त्यावर जीप चालवायला लागला, तरी रविवार चुकवत नसे. "घाटाच्या पायथ्याला गिटार चालू झाली ना, तर पहिल्या वळणापर्यंत थांबत नाय," तो म्हणायचा. "यवढा दम दुसऱ्या कुणात हाय, सांग." गोरक्षचं गाणं ठरलेलं होतं, मिशीवाल्याचं 'विहीर'. मोतीराम पंच. दर रविवारी ते निकाल राखून ठेवत, म्हणजे पुढच्या रविवारी परत भांडता येई. अशी अडतीस-एकोणचाळीस वर्षं गेली.

आता या 'विहिरी'बद्दल सांगितलंच पाहिजे, कारण सगळं दुखणं तिथं आहे.

गाण्याच्या सुरुवातीलाच मिशीवाला वाजंत्री थांबवून म्हणतो, "वेल, वेल, ब्रदर!" मोतीरामांनी लगेच सोडवून दिलं. वेल म्हणजे विहीर. दोनदा म्हणतोय म्हणजे जोर देऊन म्हणतोय. ब्रदर म्हणजे भाऊ. धाकटा थोरल्याला सांगतोय, विहीर, दादा, विहीर तू घे. पुढचं तो फार पटापट म्हणतो. "भावनेच्या भरात," मोतीराम म्हणाले, आणि दोघांना पटलं.

पुढं चौऱ्याण्णव साली गोरक्षच्या घरी वाटण्या निघाल्या. थोरला भाऊ त्र्यंबक आणि हा, दोघंच. जमीन सरळ दोन भागांत तुटत होती, पण विहीर एकच होती आणि ती मधोमध. बोलणी भांडणावर गेली, भांडण वकिलापर्यंत. दावा दाखल व्हायच्या आदल्या दिवशी रविवार होता. गोरक्षनं कुणाशी न बोलता 'विहीर' तीनदा ऐकलं, उठला, तडक भावाच्या अंगणात गेला आणि म्हणाला, "दादा, विहीर तू घे." त्र्यंबकदादा खाटेवरून उठून त्याच्या गळ्यात पडला. पुंजानं ही गोष्ट पुढं घाटातल्या प्रत्येक प्रवाशाला सांगितली.

गोरक्षच्या वाट्याचा मळा कोरडा पडला. एक बोअर फसलं, दुसरं फसलं. सहा वर्षं त्यानं लांबून पाइप टाकून पाणी आणलं आणि गुलाबाची झाडं डोळ्यांदेखत जळताना पाहिली. पण भाऊ राहिला. दिवाळी एकत्र, सुखदुःख एकत्र. चार वर्षांपूर्वी त्र्यंबकदादा गेले, तेव्हा शेवटचं पाणी गोरक्षनंच पाजलं, त्याच विहिरीचं.

आणि मोतीराम? ते पाटबंधारे खात्यात कारकून झाले होते. सत्त्याण्णव साली बदलून आलेले एक साहेब त्यांच्या टेबलाशी थांबले, फायलींचा ढीग पाहिला आणि म्हणाले, "वेल, वेल, काकड!" मोतीराम अदबीनं उभे राहिले. "कुठली विहीर, साहेब?" साहेब पोट धरून हसले. मग भल्या माणसानं समजावून सांगितलं की हे नुसतं म्हणायचं असतं, आपण 'बरं का' म्हणतो तसं, त्यात विहीर नसते. सगळं ऑफिस आठवडाभर हसत होतं. मोतीराम एकटेच हसू शकले नाहीत. त्या वेळी गोरक्षचं दुसरं बोअर नुकतंच कोरडं गेलं होतं.

सांगायचं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. पण बोअर फसलेल्या माणसाला हे कसं सांगणार? पाणी लागलं की सांगू म्हणाले. पाणी लागलं तेव्हा दोघं भाऊ मिळून नारळ फोडत होते, तेव्हाही जमलं नाही. मग त्र्यंबकदादा आजारी पडले. मग गेले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं अशीच गेली, आणि ज्या रविवारची ते एकेकाळी वाट पाहायचे तो आता शनिवारपासूनच छातीवर बसायला लागला. एकदा ताप आल्याचं सांगून घरी थांबले, तर दोघं स्पीकर घेऊन घरीच आले. पत्नीनं, संध्याताईंनी, कौतुकानं पोहे केले आणि मोतीरामांना पांघरुणातून तोंड काढून तीन नव्या गाण्यांचे अर्थ सांगावे लागले.

हो, नवी गाणीही आली होती ना. फोन आला तशी हजारो आली. फोनवर गाण्याचे शब्द मिळतात, अर्थही मिळतो, हे दोघांना माहीत नव्हतं असं नाही. पण घरचा डॉक्टर असताना बाहेर कोण दाखवतो? मोतीराम आता रात्री जेवण झाल्यावर चोरून खरे अर्थ वाचत, शब्दकोश धुंडाळत आणि नवी गाणी तरी प्रामाणिकपणे सांगत. त्यांना खरंखुरं बऱ्यापैकी इंग्रजी यायला लागलं ते असं, साठीच्या तोंडावर, भीतीपोटी.

यंदा गोरक्षची एकसष्टी आली. त्याची मुलगी राखी शाळेत शिक्षिका आहे, तिनं सगळं मनावर घेतलं. एका संध्याकाळी ती मोतीरामांच्या घरी आली आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

"काका, कार्यक्रमात पप्पांचं गाणं लावायचंय आणि तुम्ही सगळ्यांसमोर अर्थ वाचायचाय. मी शब्द काढले. यात विहीर कुठे आहे?"

मोतीरामांनी चष्मा पुसायला घेतला.

"हे तर गाडीचं गाणं आहे, काका. लाल गाडी, मोठा रस्ता, शेजारी पोरगी. ब्रदर म्हणजेसुद्धा भाऊ नाही. आपण 'अरे बाबा' म्हणतो, त्यात बाप असतो का?"

"नसतो," मोतीराम म्हणाले. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू बालवाडीत होतीस."

राखीनं सावकाश फोन बंद केला. "मी नाही सांगणार पप्पांना. पण ललिताकाकू समोर बसणार आहेत. त्र्यंबककाकांचं नाव घेऊन तुम्ही त्यांच्या बायकोसमोर हे वाचणार? सर्वांत भारी गाणं कोणतं, ते तुम्ही रविवारी ठरवता ना? मग दुसरं ठरवा."

मोतीरामांना बऱ्याच वर्षांनी वाट दिसली. रविवारी ते कधी नव्हे ते कागदावर मुद्दे लिहून शेडमध्ये गेले. पंच म्हणून आज निकाल देणार, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं आणि 'शेवटच्या एसटी'च्या बाजूनं बोलायला सुरुवात केली. गिटार काढली, ढोल काढला, रडक्याचा चढा सूर काढला. 'विहिरी'त मधला भाग पोकळ आहे म्हणाले. मिशीवाला बेसूर होतो म्हणाले. गोरक्ष हातातली शेवंतीची जुडी तशीच धरून ऐकत होता. त्याचं तोंड उतरत चाललेलं मोतीरामांना दिसत होतं, तरी ते थांबले नाहीत. एवढं एक गाणं पडलं की आपण सुटलो, हेच डोक्यात होतं.

पण पुंजाच उलटला. एवढी वर्षं ज्याच्या बाजूनं कुणी बोललं नव्हतं तो पुंजा.

"माझं गाणं भारी हायच," तो म्हणाला. "त्याला तुमच्या कागदाची गरज नाय. पर माझ्या गाण्यानं कुणाचं भांडण मिटलं नाय. विहीरच लावा."

आणि तो चहा सांगायला बाहेर गेला. शेडमध्ये दोघंच उरले. मोतीरामांनी कागद चुरगळला आणि सांगून टाकलं. वेल, ब्रदर, लाल गाडी, शेजारची पोरगी, ऑफिसातले साहेब, सगळं. सांगताना आतून हलकं वाटत होतं. शिव्या पडतील, कदाचित तोंडसुद्धा बघणार नाही, पण उद्यापासून आपण मोकळे.

गोरक्षनं शेवंतीची जुडी खाली ठेवली. शिव्या दिल्या नाहीत.

"दादाला माहीत होतं का रे हे? गाडीचं गाणं हाय ते?"

"नाही."

"शेवटपर्यंत नाय?"

"नाही. तेव्हा कुणालाच नाही."

"मग तू वाचायचं," गोरक्ष म्हणाला. "जसं सांगत आला तसंच. उभं राहून."

"अरे गोरक्षा, आता मी सगळं सांगितल्यावर..."

"तुला मोकळं करायला मी आता काय करू? विहीर परत मागू?"

एवढ्या वर्षांत मोतीरामांना वाटत होतं की न सांगितल्यामुळे आपण अडकलोय. सांगूनही दार उघडत नाही, हे त्यांना त्या शेडमध्ये कळलं, आणि त्यांना रडू आलं. पुंजा चहा घेऊन आला तेव्हा दोघं आपापल्या दिशेला तोंड करून बसले होते.

एकसष्टीला मळ्यातच मांडव घातला. एकसष्ट दिव्यांनी ओवाळून झालं, पेढे झाले, आणि राखीनं गाणं लावलं. मोतीराम माईक धरून उभे राहिले. संध्याताईंनी कडक इस्त्री करून दिलेला सदरा त्यांच्या पाठीला चिकटला होता. मिशीवाला ओरडला, वेल, वेल, ब्रदर! आणि मोतीरामांनी वाचलं: विहीर, दादा, विहीर तू घे. पुढचंही वाचलं, जसं गेली चाळीस वर्षं सांगत आले होते तसंच, एक शब्द न बदलता. राखी खाली मान घालून बसली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता खाली बसायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून ललितावहिनी, त्र्यंबकदादांच्या पत्नी, उठल्या. कधी चारचौघांत न बोलणारी बाई.

"मोतीरामभाऊ, एक विचारू का? यवढे दिवस ऐकते मी हे. धाकट्याचं सगळं सांगता तुम्ही. मग थोरला काय म्हणतो? त्याचं काहीच नाय का गाण्यात?"

गाणं अजून चालू होतं, लाल गाडी आपल्या रस्त्यानं भरधाव चालली होती. मोतीरामांनी गोरक्षकडे पाहिलं. हा आता हात वर करील, पुरे म्हणेल, असं त्यांना वाटलं.

गोरक्षनं हात वर केला नाही.

"आहे ना," मोतीराम म्हणाले. "आता येतंय तेच कडवं. थोरला म्हणतो... तुझी झाडं जळताना मी रोज बांधावरून बघत होतो. पाणी सोडायचं रोज मनात यायचं. पण तू एवढं मोठं मन केलंस, त्यापुढं माझं पाणी मला लहान वाटलं. लाज वाटली रे. तेवढं सांगायचं राहिलं."

ललितावहिनींनी तोंडावर पदर धरला. पुंजा मांडवाच्या खांबाला टेकून ढसाढसा रडत होता. गोरक्ष रडत नव्हता. सगळं ठाऊक असलेला तो माणूस हारतुऱ्यांसकट खुर्चीत पुढं सरकून बसला होता आणि मोतीरामांच्या तोंडाकडे बघत होता.

"पुढं?" तो म्हणाला. "आणखी काय म्हणतो दादा?"