व्हर्नाचा ट्रक चालत आला

व्हर्ना स्टकीचा अठ्ठेचाळीस सालचा पिकअप अलीकडे ट्रेलरवर बसून जुन्या गाड्यांच्या मेळ्याला यायचा. कॅन्ससमधल्या तिच्या गावची रीत कडक. गाडी चालवत आणली, तर मुख्य रस्त्यावरून मिरवत यायचं. ट्रेलरवाल्यांनी मागच्या कुरणात मुकाट उतरवायची. पाठीचं ऑपरेशन झालं आणि तरुणपणापासून मिरवणारी व्हर्ना कुरणवाली झाली. ते तिला फार लागलं.

यंदाच्या हिवाळ्यात तिनं ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सलच उतरवला. भाऊ ऑरिन गॅरेजात आला आणि दारातच थबकला.

"अगं, डॅडींच्या ट्रकचा अ‍ॅक्सल काढलास? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. पाठ माझी दुखते, लोकांची नाही. अरे, दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली. डावं खड्ड्यात गेलं की उजवंही कलंडायचं, स्टिअरिंगला हिसका बसायचा आणि दणका थेट माझ्या मणक्यात. आता प्रत्येक चाक स्वतंत्र बसवलंय, दोघांचा संसार वेगळा. ज्याचा खड्डा, त्यानंच निस्तरायचा."

"बरं बाई. मग ट्रक पुढून जरा खाली तरी बसव. रुबाब दिसेल."

इथे व्हर्ना फसली. रुबाबापायी तिनं नव्या स्प्रिंगा कापून आखूड केल्या, आणि धान्याच्या कोठारापाशी रेल्वेचे रूळ ओलांडताना ट्रकचं पोट धाडकन आपटलं. घरी येईपर्यंत ऑरिनला शिव्यांची लाखोली. मग पूर्ण उंचीच्या स्प्रिंगा बसवल्या.

मेळ्याच्या सकाळी ऑरिन मांडीवर चेरीचा केक घेऊन शेजारी बसला. कोठार दिसताच त्यानं डॅशबोर्ड घट्ट धरला.

"हळू! रूळ आले!"

डावं चाक खाली गेलं, वर आलं. उजव्याला पत्ताच नाही. स्टिअरिंग व्हर्नाच्या दोन बोटांत निवांत.

"आता सोड तो डॅशबोर्ड."

"रूळ?"

"गेले मागे."

ऑरिननं वळून पाहिलं. मग केक पाहिला. एक चेरीसुद्धा हलली नव्हती. "डॅडींना हे मिळायला हवं होतं गं," तो पुटपुटला.

गावाच्या तोंडाशी अडथळा लावून मेळ्याच्या गाड्या वळवणारा लामार उभा होता. सवयीनं त्यानं कुरणाकडे हात केला.

"ये व्हर्ना, मागच्या बाजूनं... अगं, ट्रेलर कुठंय?"

"विकला!"

लामारनं टोपी काढून अडथळा बाजूला ओढला. व्हर्नानं चांगला लांबलचक, निर्लज्ज हॉर्न वाजवला आणि ट्रक मुख्य रस्त्यावर घातला.