तिचं वाक्य, माझा फळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला तर मुळीच नाही. मग तुम्हालाच का? कदाचित आपली ओळख नाही म्हणून.

जळगावात माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. त्यामुळे नात्यात मी 'मॅडम'. धुळ्याचे काका-काकू चुलतभावासाठी मुलगी बघायला दोंडाईच्याला निघाले, तेव्हा मलाही गाडीत बसवलं — मुलीचं इंग्रजी तपासायला! भावाला परदेशी जायचं होतं ना. मीही मिरवत गेले.

ती दुपार मला अजून अर्धवट झोपेत दिसते. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या, त्यांच्या उजेडाने लालसर झालेली बैठक, कूलरचा ओला वारा, आणि समोर ओढणी सावरत बसलेली ती. मी विचारलं, 'गिव्ह अप' म्हणजे काय? हार मानणं, ती म्हणाली. सवय सोडणं. मग जराशी हसली — "आय गेव्ह अप माय सीट. एसटीत, एका आजीसाठी."

असंही म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शिकवत होते, आणि — नव्हतं. पण ते वाक्य बरोबर आहे, हे ऐकताक्षणीच कळलं. मग मी काय केलं? सगळ्यांसमोर मान हलवली. "नाही गं, तिथे गिव्ह अप येत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. बघायला आलेल्या पाहुण्यांना मुलीने उलट बोलायचं नसतं — तिला माहीत होतं, मलाही. त्या रीतीच्या आड मी खुशाल लपले. तिचे वडील खाली बघत चहाचे कप गोळा करू लागले.

परतताना काकू अहिराणीत म्हणाल्या, "पोर गुणी शे, पन तिनी इंग्रजी कच्ची शे." नकार गेला, कारणासकट गेला. पुढे ऐकलं, वडिलांनी तिचं एम.ए. थांबवलं — इंग्रजीच येत नाही तर कशाला, म्हणून. तेव्हा तरी एक फोन करता आला असता ना? नाही केला. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा 'मॅडम' मोठी वाटली.

आता प्रत्येक नव्या बॅचला 'गिव्ह अप' शिकवताना मी तिचंच वाक्य फळ्यावर लिहिते. एसटी, आजी, जागा. मुलं म्हणतात, मॅडम, किती सोपं करून सांगता तुम्ही!

मी हसते, फळा पुसते आणि पुढचा शब्द घेते.