बाटलीवरचे जाड अक्षर

कुंभकोणमच्या एका छापखान्यात हनुमंतराव सव्वीस वर्षे जुळारी होते. अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे जुळवता जुळवता त्यांना एक सवय जडली होती. छापलेला कोणताही कागद ते आधी उलटा धरून बघत. शब्द वाचता आले नाहीत की नजर फसत नाही. काय ठळक आहे, काय दडपले आहे, ते लगेच कळते. लग्नपत्रिका, साबणाचे वेष्टण, नाटकाची जाहिरात, सगळ्यांचा निवाडा ते असाच करीत. मनातल्या मनात. मालकाला बोलून दाखवायची छाती नव्हती.

१९५४ च्या चैत्रात महालिंग हा औषधवाला वाताच्या तेलाच्या बाटलीवरची चिठ्ठी छापून घ्यायला आला. वर वेलबुट्टीची कमान, कमानीत त्याच्या वडिलांचे भले मोठे नाव आणि अगदी तळाशी मोहरीएवढ्या अक्षरांत 'पिऊ नये'. त्याच्याच खोकल्याच्या औषधावरही हीच कमान होती. हनुमंतरावांनी कागद उलटा धरला. कमानीखेरीज काही दिसेना. तरी सांगितले तसे जुळवून दिले.

आषाढात त्यांच्या थोरल्या बहिणीने, विजयलक्ष्मी अक्कांनी, खोकल्याचे समजून ते तेल दोन चमचे घेतले. आठ दिवस त्यांचे काही खरे नव्हते. कशाबशा वाचल्या.

श्रावणात महालिंग पान चघळत पुन्हा आला. "तीच चिठ्ठी. आणखी दोन हजार."

हनुमंतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. जुनी जुळणी सुतळीने बांधून फळीवर ठेवलेली होती. ती त्यांनी उतरवली, सुतळी सोडली आणि खिळे घमेल्यात ओतले.

"राव, हे काय केलंत?" मालक लक्ष्मीनारायण खुर्चीतून उठले.

"पहिल्यांदा चुकलो. आता नीट जुळवतो." हात सराईत चालले. कमान गेली, वडिलांचे नाव तळाशी आले आणि वर 'पिऊ नये', कपाटातल्या सर्वांत जाड खिळ्यांत. चाळीसेक प्रती त्यांनी तिथेच काढल्या.

महालिंग मागे सरकला. "हे तर तेराव्याच्या पत्रिकेचं अक्षर. माझ्या औषधावर?"

"आज बाटलीवर लावा. नाहीतर उद्या गिऱ्हाइकाच्या तेराव्याला मलाच लावावं लागेल."

"आणि माझ्या वडिलांना पायाशी बसवलंत?"

"वडिलांना कोणी चमच्यानं घेत नाही, महालिंग."

लक्ष्मीनारायणांना हसू फुटत होते. ते त्यांनी गिळले. "राव, कमान परत लावा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

हनुमंतरावांनी खुंटीवरचे उपरणे घेतले, त्या प्रती उचलल्या आणि घर गाठले. घरातल्या तेलाच्या बाटलीवर एक चिकटवून ती कोनाड्यात ठेवली. अक्कांनी चष्म्याशिवाय, दारातूनच वाचले.

"हनुमा, हे तर इथूनही दिसतं की रे."

"तेव्हाच दिसायला हवं होतं, अक्का. मीच दडपलं ते."

करवंटीत भाताची खळ घेऊन ते बाहेर पडले. शेजारचे दार ठोठावून त्यांनी तेलाची बाटली मागितली. अजून सबंध गल्ली होती, आणि बाटल्या तर शेजारच्या साक्कोट्टै गावापर्यंत गेल्या होत्या.